कोळशाच्या खालचं वावर

माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात, सासर यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात. मधे पैनगंगा. एसटीनं जायचं तर मोठा वळसा पडतो, नकाशावर मात्र दोन्ही गावं जवळजवळच. माती पाहिली तर वाटतं, आपण जिल्हा नाही, देशच बदलला.

सासरचं वावर कन्हार आहे. काळं, भारी. उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की लहान पोराचा पाय आत जावा. मामाजी, म्हणजे माझे सासरे, वाफसा (मशागतीजोगी ओल) आला का ते पायानं ओळखतात, चप्पल काढून चार पावलं चालतात आणि सांगतात, "परवा डवरा घाला." माहेरच्या वावराचा नदीकडचा तुकडाही काळाच. पण तिथून वर चढत गेलं की रंग फिरतो. आधी पिवळट, मग हिरवट-राखाडी, ओला असताना जवळजवळ शेवाळी. आणि त्यात गोटे. आमचे आजोबा म्हणायचे, "ह्या वावरात गोटे पिकतात." दरवर्षी वखर घातला की नवे निघायचे, दरवर्षी आम्ही पोरं ते वेचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकायचो. धुरा कंबरेएवढा उंच झाला, तरी पीक थांबलं नाही.

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. त्यामुळे धुऱ्यावरच्या ढिगाकडे माझं लक्ष जाणं साहजिक होतं, उशिरा गेलं इतकंच. विदर्भात पश्चिमेकडून कुठूनही आलात तर गोटा म्हणजे काळा बेसाल्ट, थिजलेल्या लाव्हाचा खडक, एकजात. आमच्या ढिगात बेसाल्ट शोधावा लागतो. राखाडी चुनखडक आहे, तो शेजारचाच. तांबूस-पांढरा क्वार्ट्झाइट आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा ग्नाइस आहे, आणि गुलाबी ग्रॅनाइट आहे. आमच्या शिवारात, शेजारच्या शिवारात, त्याच्याही शेजारच्या शिवारात ग्रॅनाइटची टेकडी नाही. असल्या जातीचा खडक जागेवर पाहायचा तर पूर्वेला मूल-सिंदेवाहीच्या बाजूला तरी जावं लागतं. वरच्या धुऱ्यावरचा सगळ्यांत मोठा गुलाबी गोटा तर शेंदूर लावून देव झालेला आहे. पेरणीआधी तिथं नारळ फुटतो. तो हलवायचा विचार कुणी केला नाही. बंडीत मावलाही नसता.

नदीनं आणले म्हणावं तर नदीचे गोटे गोल होतात. हे गोल नाहीत. कडा बोथट झालेल्या, पण एक-दोन बाजू सपाट घासलेल्या. आमच्या घरी माळ्यावर पडलेली जुनी कोळशाची इस्त्री आहे, काही गोट्यांचा आकार अगदी तसा. काही चुनखडकांवर बारीक समांतर ओरखडे दिसतात. वखराचे नाहीत. वखराचा ओरखडा ताजा आणि पांढरा असतो, हे दगडाइतकेच जुने दिसतात.

हे गोटे बर्फानं आणले.

वर्गात हे वाक्य म्हटलं की पोरं हसतात. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, आणि मॅडम म्हणतात इथं हिमनदी होती. पण होती. साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी आज ज्याला आपण भारत म्हणतो तो भूभाग दक्षिण ध्रुवाकडे होता, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकाला चिकटून. या सगळ्या एकत्रित खंडाला भूवैज्ञानिक जे नाव देतात ते आमच्याच भागातलं, गोंडवन. चंद्रपूरचा परकोट ज्या गोंड राजांनी बांधला त्यांच्या मुलुखाचं नाव आज अंटार्क्टिकाच्या खडकांनाही लागतं. पोरांना हे सांगितलं की हसू थांबतं आणि छाती थोडी फुगते.

हिमनदी वाहते, पण पाण्यासारखी निवडानिवड करत नाही. नदी जड ते आधी टाकते, हलकं ते पुढं नेते; म्हणून नदीकाठी वाळू एकीकडे आणि गाळ दुसरीकडे असतो. बर्फाला असला नेम नाही. वाटेत जे सापडेल ते उचलायचं, तळाशी धरून खालच्या खडकावर घासत न्यायचं, आणि वितळताना सगळं एका जागी सोडून द्यायचं. म्हणून हिमोढात, म्हणजे बर्फानं टाकलेल्या साठ्यात, मैद्यासारखी माती आणि बैलाएवढा धोंडा शेजारी शेजारी असतात. बर्फाच्या तोंडाशी तळी साचतात. त्यात बारीक चिखल शांतपणे, पापुद्र्या-पापुद्र्यानं बसतो, आणि तरंगत्या हिमखंडातून सुटलेला एखादा गोटा वरून त्या चिखलात पडतो. आजोबांनी खोदलेल्या विहिरीच्या भिंतीत हे दोन्ही दिसतं. वर गोटेमिश्रित थर, त्याखाली हिरवा, पातळ पापुद्र्यांचा शेल, म्हणजे तसल्या चिखलाचाच झालेला खडक, आणि त्या पापुद्र्यांना खाली दाबून बसलेला एकुलता एक गोटा. खाली पाणी नाही, म्हणून भिंत निवांत पाहता येते. पाण्याचं पुढं सांगते.

या थरांना भूविज्ञानात तालचिर म्हणतात, ओडिशातल्या तालचेरवरून. ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड या भूवैज्ञानिकांनी १८५६ साली तिथले गोटेमिश्रित थर पाहून हे बर्फाचं काम असावं असं मांडलं. उष्ण कटिबंधात बर्फ ही गोष्ट तेव्हा कुणाला सहज पटण्यासारखी नव्हती. गोटे काय, पुरानंही येतात. पुरावा पाहिजे होता तो खालच्या खडकावरच्या घसाऱ्याचा, आणि तो आमच्या भागात सापडला. पैनगंगेच्या काठी इरई म्हणून गाव आहे, वर्धेच्या संगमापासून फार दूर नाही. (चंद्रपूरजवळून वाहणारी इरई नदी वेगळी. चंद्रपूरकर हमखास गोंधळ घालतात.) तिथं गोटेमिश्रित थराखालचा चुनखडक गुळगुळीत घासलेला आहे आणि त्यावर समांतर ओरखडे आणि खाचा आहेत. फेडन नावाच्या भूवैज्ञानिकानं १८७५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात ते छापलं. तेव्हा खंड सरकतात हे कुणाला माहीत नव्हतं. वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञानं ती कल्पना मांडली १९१२ साली, आणि दक्षिणेकडच्या सगळ्या खंडांवर एकाच काळातल्या बर्फाच्या खुणा आहेत हा त्याच्या हातातला मोठा पुरावा होता. त्या पुराव्यात आमच्या नदीकाठचा एक खडकही आला.

मी दादाला घेऊन तो खडक पाहायला गेले, उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर. दादा थोडा वेळ ओरखड्यांवर हात फिरवत बसला. मग म्हणाला, "म्हंजे आपल्या वावराचं वाटोळं यानं केलं." इतिहास त्याच्यापुरता तिथं संपला.

तर वाटोळं केलं का, हा खरा प्रश्न आहे, आणि उत्तर सरळ नाही.

हिमनदीनं घडवलेली माती म्हटलं की पुस्तकात अमेरिकेतलं आयोवा, इलिनॉय येतं. जगातली सगळ्यांत सुपीक मक्याची जमीन. तिथला बर्फ अगदी अलीकडचा, साधारण २० हजार वर्षांपूर्वी शिगेला होता आणि पुढच्या काही हजार वर्षांत मागे हटला. त्यानं दळलेलं खडकाचं पीठ वाऱ्यानं उडून पसरलं, त्यावर गवताळ रानं वाढली, आणि तीच आजची माती. म्हणजे तिथं बर्फाचा साठा हाच शेताचा पाया, मधे काही घडलंच नाही. न्यू इंग्लंडमध्ये शेतकऱ्यांनी वावरातून वेचलेल्या गोट्यांच्या मैलोन्मैल भिंती आहेत. त्यांचे फोटो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आमचा धुरा दिसला. तिथं थंडीत जमीन गोठते आणि गोटे वर ढकलले जातात. आमच्याकडे ते काम पावसाची धूप आणि वखर करतात.

आमचा साठा मात्र ३० कोटी वर्षं जुना आहे. तो पुरला गेला, दाबला गेला, खडक झाला. त्यावर दलदलीची जंगलं उगवून गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला. त्यावर नद्यांची वाळू साचली. मग साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून लाव्हाचे थर आले, आणि विदर्भाची ती प्रसिद्ध काळी माती त्या लाव्हाची. पुढं हे सगळं झिजत झिजत काही ठिकाणी खालचे थर पुन्हा उघडे पडले. म्हणजे आमची माती बर्फाची थेट लेक नाही. बर्फाचा चिखल, त्याचा खडक, आणि त्या खडकाची झीज होऊन पुन्हा माती, अशी ती नात आहे. पण तोंडवळा आजीवर गेलाय, हे खरं.

बेसाल्टची माती होते ती रासायनिक झिजेनं. त्यातून जी चिकणमाती बनते ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून भेगा. त्या भेगांतून पहिला पाऊस खोल उतरतो, आणि पाऊस उघडल्यावरही पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, महिनाभर तग धरते. बर्फाचं दळण वेगळं. थंडीत रासायनिक झीज जवळजवळ होत नाही, खडक नुसता घासून बारीक होतो. त्यामुळे तालचिरच्या मातीत फेल्डस्पार या खनिजाचे कण ताजे, चुना भरपूर, कण अतिशय बारीक, पण ती फुगणारी चिकणमाती कमी. वाचायला हा फरक लहान वाटतो. दादाला तो दरवर्षी जुलैत भोगावा लागतो.

वाफसा. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला विचारा, जमिनीत काय पाहिजे? खत, पाणी नंतर सांगेल, आधी वाफसा म्हणेल. काळ्या जमिनीत वाफसा यायला वेळ लागतो, पण आला की चार-सहा दिवस मिळतात. हिरव्या पट्ट्यात तो उशिरा येतो आणि सकाळी आलेला दुपारी जातो. पाऊस लागून राहिला की पाणी आत जात नाही, वावर चिबडतं, तुरीची मुळं कुजतात. पाऊस उघडला आणि दोन दिवस ऊन पडलं की वर खपली धरते. नुकतं उगवणारं सोयाबीन त्या खपलीखाली वाकडं होऊन मरतं. दोन आठवड्यांचा खंड पडला की पिकं मान टाकतात, आणि त्याच वेळी शंभर पावलं खाली नदीकडच्या तुकड्यात पऱ्हाटी मजेत असते. तो खालचा तुकडा पैनगंगेनं पुरात आणून टाकलेल्या गाळाचा. पैनगंगा उगम पावते बुलडाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत, तिथून बेसाल्ट झिजवत येते. म्हणजे एकाच सातबाऱ्यावर आमच्याकडे खाली बुलडाण्याचा लाव्हा आहे आणि वर ध्रुवाकडचा बर्फ.

चुन्याचंही एक आहे. वरच्या पट्ट्यातल्या सोयाबीनची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, त्याची ही खूण. कृषी केंद्रात पान घेऊन गेलं की युरिया मारा म्हणतात. युरियानं झाड अजून उंच आणि अजून पिवळं होतं.

आजोबांना हे रसायन ठाऊक नव्हतं, पण ते वरच्या पट्ट्यात ज्वारी, तूर, मूग असं मिश्र पेरायचे आणि कापूस खालीच ठेवायचे. सोयाबीन आलं, भाव चांगला मिळू लागला, आणि सगळ्या गावानं सगळ्या वावरात तेच पेरलं, तेव्हा वरच्या पट्ट्याची बदनामी सुरू झाली. आधी ती जमीन वाईट नव्हती, वेगळी होती. माझं हे मत दादाला अर्धवट पटतं. उरलेल्या अर्ध्यात तो म्हणतो, "ज्वारी पेरतो, पण डुकरं तू हाकलायले येजो." याला माझ्याकडे उत्तर नाही. रानडुकरांपुढे भूविज्ञान चालत नाही.

आता त्या गोष्टीकडे येते जिच्यामुळे मी हे लिहायला घेतलं.

वर्धा खोऱ्यात थरांची उतरंड खालून वर अशी आहे: तळाशी शंभर कोटी वर्षांहून जुना चुनखडक, त्यावर बर्फाचा तालचिर, त्यावर कोळशाचा बराकर, त्यावर कामठीचा वालुकाश्म, आणि जिथं टिकला तिथं बेसाल्ट. थर थोडे कललेले असल्यानं प्रत्येकाची कड कुठे ना कुठे जमिनीवर येते, पट्ट्यापट्ट्यांनी. आमच्याकडून गडचांदूरच्या बाजूला गेलात की चुनखडकाचा पट्टा, म्हणून तिकडे सिमेंटचे कारखाने. पूर्वेला वर्धेच्या बाजूला, आणि नदीपलीकडे घुग्गुस-वणीकडे गेलात की कोळशाचा पट्टा, म्हणून तिकडे खाणी. मधला आमचा पट्टा बर्फाचा. त्यात विकण्यासारखं काही नाही.

मी शाळेत असताना वावरात ड्रिलचं मशीन आलं होतं. सगळं गाव तमाशा पाहायला. नळीतून निघालेला खडक लाकडी पेटीत ओळीनं मांडत होते. पहिले काही तुकडे वाळूचे निघाले, गावात आशा. मग हिरवा शेल लागला. साहेबानं तुकडा हातात घेतला, बोटानं चुरला आणि माणसांना सामान आवरायला सांगितलं. कोळशाच्या शोधात तालचिर लागलं की खाली खोदण्यात अर्थ नसतो. कोळसा त्याच्या वर असतो, खाली नाही. त्या दिवशी आमच्या पट्ट्याचं भवितव्य ठरलं, आणि आम्हाला वाटत होतं ते लोक जेवायला निघाले.

पलीकडच्या शिवारातल्या जमिनी पुढं खाणीत गेल्या. मोबदला मिळाला, काही घरांत एकाला नोकरी लागली. काहींनी चांगलं बांधकाम केलं. काही घरांत भाऊ-भाऊ कोर्टात गेले आणि अजून तिथंच आहेत. वावर कुणाकडेच नाही. मातीचे ढीग आमच्या गच्चीवरून दिसतात. दुसऱ्या बाजूला चुनखडकाच्या खाणीत सुरुंग उडाला की कपाटातली भांडी वाजतात, आणि त्या बाजूच्या पऱ्हाटीच्या पानांवर बोट फिरवलं तर रेघ उमटते. आमचा पट्टा मधे तसाच. वखर, पेरणी, गोटे.

दादाच्या मनात याची सल आहे. मागे दिवाळीत तो म्हणाला, "खाली कोळसा असता त तुह्या भाच्याले नोकरी लागली असती. आता काय देऊ त्याले, गोटे?" मी म्हटलं, वावर आहे ना. तो हसला, पण चांगलं हसला नाही. पोराचं लग्न जमत नाही, शेतकरी नवरा कुणाला नको. मी सरकारी अनुदानित शाळेतला पगार घेऊन त्याला जमिनीचं मोल सांगावं हे मलाही बरं वाटत नाही, म्हणून त्या दिवशी विषय तिथं सोडला. पण एवढं खरं की आमच्या घरात आज वावर आहे ते आजोबांच्या चिकाटीनं किंवा बाबांच्या हुशारीनं नाही. बर्फानं तिथं निरुपयोगी चिखल टाकला, म्हणून आहे.

आणि तो चिखल अगदीच निरुपयोगी नाही, हे पाण्यानं दाखवलं.

विहीर आमची कोरडी. आजोबांनी खणली, बाबांनी खोल केली. हिरवा शेल फोडताना पहारीला जड जात नाही. बाहेर काढून टाकला की उन्हात त्याच्या सुयांसारख्या चिरफळ्या होतात आणि दोन पावसांत चिखल. पण त्यात ना वाळूसारखी पोकळी, ना बेसाल्टसारखे सांधे. पाणी यावं कुठून? बोअर मारणारे आले की नारळ हातावर ठेवून फिरणारा माणूसही येतो, नारळ आमच्या वावरात हमखास उभा राहतो आणि बोअरमधून हिरवा धुरळा निघतो. गावात या धुरळ्याच्या ढिगाऱ्या बऱ्याच वावरांत आहेत, पैसे बुडाल्याच्या खुणा म्हणून. सासरी उलटं. तिथं खाली कामठीचा वालुकाश्म आहे, कणाकणांत पाणी धरणारा. मामाजींची विहीर मे महिन्यातही ओणवं होऊन पाहिली तर चेहरा दिसतो.

मग शेततळ्याची योजना आली. सासरी मामाजींच्या शेजाऱ्यांनी उताराच्या रेताड जागी तळं घेतलं. पावसाळ्यात तुडुंब, दिवाळीच्या आत तळ उघडा. त्यांना प्लास्टिकचा कागद अंथरावा लागला, त्याला उंदरांनी भोकं पाडली, ती वेगळी कथा. दादानं हिरव्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला तळं घेतलं. कागदाला पैसे नव्हते, म्हणून तसंच ठेवलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, राहू दे तसंच. पाणी फेब्रुवारीपर्यंत राहिलं. उन्हानं जेवढं उडालं तेवढंच गेलं, खाली काही मुरलं नाही. जो खडक विहिरीला पाणी देत नाही तोच तळ्याचं पाणी जाऊ देत नाही. गुण एकच, आपण त्याला विचारायचा प्रश्न बदलला पाहिजे. त्या पाण्यावर दादानं तुरीला फुलोऱ्यात एक आणि शेंगा भरताना एक अशी दोन पाणी दिली. तूर बरी झाली. भाव पडला, पण तूर बरी झाली.

मृदा आरोग्य पत्रिकेत यातलं काही नाही. पत्रिका चांगली गोष्ट आहे, २०१५ पासून ती मिळते, नत्र-स्फुरद-पालाशापासून जस्त-लोह-बोरॉनपर्यंत १२ गोष्टी तपासतात. पण पहिल्या फेऱ्यांत कोरडवाहू भागात नमुना घेतला तो १० हेक्टरांच्या चौकटीतून एक. आमच्याकडे १० हेक्टरांत बुलडाण्याचा गाळही येतो, हिमोढही येतो, आणि वरच्या कडेला बराकरची वाळूही. तिघांची सरासरी काढून जी जमीन कागदावर उमटते ती गावात कुणाच्याच मालकीची नाही. शिवाय माती किती खोल आहे, पाणी किती वेळात मुरतं, खाली कोणता खडक आहे, हे त्या १२ गोष्टींत नाही. दादाच्या पत्रिकेत वरच्या पट्ट्याला आणि खालच्या तुकड्याला खताची एकच मात्रा लिहिलेली आहे. मातीचं सर्वेक्षण करणारी देशाची मुख्य संस्था आमच्या नागपुरात आहे, मृदांचे नकाशे आहेत, भूवैज्ञानिक नकाशेही आहेत. ते गावाच्या सातबाऱ्यापर्यंत उतरत नाहीत, एवढाच प्रश्न आहे. शाळेत आम्ही नववीच्या पोरांकडून एक काम करून घेतलं: प्रत्येकानं आपल्या वावरात खड्डा करायचा, थर मोजायचे, प्रत्येक थरातल्या मातीचा गोळा करून आणायचा, त्यावर लिंबू पिळायचं. चुना असेल तर फसफसतं. गोळ्याची सुरळी होते का पाहायची, आणि वाळलेला गोळा पाण्यात टाकून तो किती वेळात विरतो ते बघायचं. वर्गाच्या भिंतीवर लावलेल्या गावाच्या नकाशात पोरांनी रंग भरले तेव्हा मधून एक हिरवा पट्टा आपोआप उमटला, नदीला तिरपा. एका पोराच्या आजोबांनी तो पाहून सांगितलं की जुन्या काळी शेतसारा ठरवतानाही तेवढ्या पट्ट्याची प्रत कमी धरलेली होती.

सध्या घरात वाद दुसऱ्या तळ्याचा चाललाय. हिरव्या पट्ट्याच्या वरच्या कडेला, जिथं वाळूचा थर संपतो आणि शेल सुरू होतो, तिथं एप्रिलमध्येही हरळी हिरवी असते. वरच्या वाळूत मुरलेलं पाणी खाली शेल लागला की आडवं सरकतं आणि तिथं पाझरतं. गुरं ती जागा कधीपासून ओळखतात. दादाला तळं अगदी पाझरावर पाहिजे, शेंदराच्या गोट्याला लागून, म्हणजे पाइप कमी लागेल. मी म्हणते पाझराच्या दहा-पंधरा पावलं खाली, पूर्ण शेलमध्ये, नाही तर तळ्याची वरची भिंत वाळूत जाईल आणि पाणी तिथून निसटेल. भाच्याचं म्हणणं आहे की आधी दोन्ही जागी हातानं खड्डे करून पाहू. वार्षिक परीक्षा आटोपली की मी जाणार आहे, तोवर जेसीबीवाल्याला थांबवून ठेवलंय.